कचेरीचा पत्ता, संगणकाच्या पडद्यावर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, आणि बोईसरला लागून असलेल्या सरावलीच्या रहिवाशाला ज्या जिल्हा कचेरीसाठी ठाण्यापर्यंत खेपा घालाव्या लागत, ती उमरोळी ओलांडताच येणाऱ्या पालघरला आली. पुढील वर्षी लोकसेवा हक्क कायदा झाला, आणि त्यानंतर कचेरीच्या कारभाराचा बराच भाग इमारतीतून उठून संकेतस्थळांवर गेला. उत्पन्नाच्या वा अधिवासाच्या दाखल्याचा अर्ज ‘आपले सरकार’वर दाखल करता येतो, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये शुल्क भरून घरबसल्या मिळतो, आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला, मालकाने भविष्यनिर्वाह निधीचा भरणा केला की नाही, हे कोणाच्याही मिनतवाऱ्या न करता पासबुकावर पाहता येते.

कचेरी अशी घरात आली खरी, परंतु तिच्या दारापर्यंतची वाट सामान्य माणसासाठी अद्याप निर्वेध झालेली नाही. सातबारा हवा म्हणून शोधयंत्रात तो शब्द टाकणाऱ्यासमोर अनेक दुवे उभे राहतात. त्यांत काही जाहिराती असतात, काही विनाकारण पैसे उकळणाऱ्या मध्यस्थांची स्थळे असतात, तर काही मूळ स्थळाच्या नावाशी साधर्म्य राखून आधार क्रमांक आणि बँकेचा तपशील हस्तगत करू पाहणारी असतात. म्हणून दर वेळी नव्याने शोध घेण्यापेक्षा, खरा पत्ता एकदाच नीट पारखून तो संगणकाच्या डेस्कटॉपवर कायमचा ठेवून द्यावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. यालाच शॉर्टकट म्हणतात.

संगणकाच्या पडद्याला लिहिण्याच्या टेबलाचे रूप देऊन त्यावर चिन्हे मांडण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या ‘स्टार’ यंत्रात साकार झाली होती. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या ‘विंडोज ९५’ने शॉर्टकटची सोय घरोघरीच्या संगणकांत नेली. शॉर्टकटमध्ये संकेतस्थळ साठवलेले नसते, केवळ त्याचा पत्ता असतो. ही फाईल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली, तर चौकटी कंसातील एक शीर्षक आणि त्याखाली पत्त्याची एक ओळ, एवढाच मुख्य मजकूर आढळतो. त्यामुळे चिन्ह चुकून पुसले गेले, तरी आपला अर्ज, खाते वा जमिनीची नोंद यांस यत्किंचितही बाध येत नाही. शॉर्टकट पुन्हा तयार करता येतो.

तो तयार करण्याची सर्वांत सोपी रीत अशी. क्रोम, एज वा फायरफॉक्समध्ये इच्छित संकेतस्थळ उघडावे. खिडकी किंचित लहान करून मागचा डेस्कटॉप दिसेल असे करावे. मग पत्त्याच्या पट्टीत डाव्या टोकाला असलेले छोटे चिन्ह माऊसने धरून डेस्कटॉपवर ओढून सोडावे. हे साधले नाही, तर डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी राइट क्लिक करून ‘न्यू’ आणि त्यातील ‘शॉर्टकट’ निवडावे, पत्ता त्या रकान्यात पेस्ट करावा, ‘नेक्स्ट’ दाबून नाव द्यावे आणि ‘फिनिश’ करावे. नाव खुशाल मराठीत द्यावे. मात्र ‘७/१२’ असे लिहू गेल्यास विंडोज ते स्वीकारत नाही, कारण फाईलच्या नावात तिरकी रेघ निषिद्ध आहे. तेथे ‘सातबारा’ असे अक्षरी लिहावे.

कोणत्या पानाचा शॉर्टकट करावा, याचाही विवेक हवा. लॉगिन करून आत गेल्यानंतर दिसणारे पान पुष्कळदा त्या बैठकीपुरतेच असते. त्याचा पत्ता जपून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी मुदत संपल्याची सूचना तेवढी पदरी पडते. म्हणून मुखपृष्ठाचा अथवा लॉगिनच्या पानाचाच शॉर्टकट करावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पत्त्याच्या पारखीची. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हा प्रत्यय केवळ शासकीय संस्थांनाच दिला जातो. परंतु तो स्थळाच्या नावाच्या अगदी शेवटी, म्हणजे त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी, असला पाहिजे. नावाच्या आरंभी वा मध्ये ही अक्षरे घुसडलेली दिसली, तर ते स्थळ संशयास्पद समजावे. त्याचबरोबर, महावितरण आणि रेल्वेची आयआरसीटीसी यांची स्थळे या प्रत्ययाची नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. असे पत्ते वीजबिलावरून वा तिकिटावरून अक्षर न् अक्षर पडताळून घ्यावेत. शॉर्टकट डेस्कटॉपवर असणे धोक्याचे नाही. पण संगणक अनेकांच्या वापरातला असेल, तर त्यावर पासवर्ड कदापि साठवू नये आणि काम उरकताच लॉगआउट करावे. एवढे करूनही फसगत झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ज्यांच्या घरी संगणक आहे आणि ज्यांना तो हाताळता येतो, अशा तरुण वाचकांना एक विनंती आहे. येत्या सुट्टीच्या दिवशी आपल्या आईवडिलांना आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून घ्यावे. त्यांना ज्या चार-पाच संकेतस्थळांची नित्य गरज पडते, त्यांचे पत्ते त्यांच्या देखत पडताळावेत, त्यांचे शॉर्टकट करावेत आणि त्यांना मराठीत मोठी, स्पष्ट नावे द्यावीत. शेवटचा शॉर्टकट मात्र त्यांच्याच हातून करवून घ्यावा. शासनाने दार उघडे ठेवले आहे. त्यातून दलालावाचून आत जाण्याचे सामर्थ्य आपल्या माणसांना देणे, हे आता आपले काम आहे.