जब्याचा आरसा



दर वेळी या पानावर मी रक्तक्षय, साखर, टीबी, बाळाच्या लसी असं लिहिते. या वेळी एका सिनेमाबद्दल लिहिणार आहे. आरोग्याच्या पानावर सिनेमा कशाला, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, मग भांडायला या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत आम्ही विहारात पांढरी चादर बांधून ‘फँड्री’ दाखवला. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा सिनेमा फेब्रुवारी २०१४ मध्ये थिएटरला आला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि जब्याचं काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. बऱ्याच घरांनी तो टीव्हीवर पाहिलाय. तरी विहार भरला होता. चटया कमी पडल्या.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जब्या, म्हणजे जांबुवंत कचरू माने, गावाबाहेर राहणाऱ्या कैकाडी घरातला शाळकरी पोरगा. बाप कचरू गावाची पडेल ती कामं करतो, त्यात डुकरं पकडायचंही काम. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याला वर्गातली शालू आवडते. ती वरच्या जातीची. तिच्याशी तो एक शब्द बोलत नाही. तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, कारण ती जाळून तिची राख टाकली की शालू आपली होईल असं त्याच्या डोक्यात भरलंय. आणि त्याला हवी असते जीन्स पँट.

पोरांना गंमत वाटली ती चिमणीची. मी मात्र दुसरंच बघत होते. या पोराला मित्र आहे, आईबाप आहेत, बहिणी आहेत. तरी तो एवढा एकटा का?

माणूस एकटा असणं आणि माणसाला एकटं पाडणं यांत फरक आहे. जब्या स्वभावाने घुमा नाही. पिऱ्याबरोबर असतो तेव्हा तो खिदळतो, धावतो, बेत रचतो. गावातली चार माणसं समोर आली की त्याचा आवाज जातो. खड्ड्यात पडलेलं डुकराचं पिल्लू काढायला त्यालाच सांगतात, वर्गातल्या दुसऱ्या कुणाला नाही. तो नाही म्हणतो, तर बाप मुकाट्याने काढतो. त्या क्षणी पोराच्या मनात दोन गोष्टी एकदम होतात: गावाचा राग, आणि बापाची लाज. राग बाहेर काढता येत नाही, तो आत बसतो. लाज तर आतच राहायला आलेली असते. मग तो आरशात बघायला लागतो. आपला रंग, आपले कपडे, आपली भाषा, आपलं घर, सगळं दुसऱ्याच्या डोळ्याने बघायला लागतो. तिथून एकटेपण सुरू होतं, कारण आता त्याला आपल्या माणसांतही बसवत नाही आणि त्यांच्यात कुणी घेत नाही.

सिनेमाच्या शेवटाकडे अख्खं कुटुंब गावादेखत डुक्कर पकडायला धावतं. शाळेतली पोरं कडेला बसून तमाशा बघतात, शालूही हसते. जब्या आडोशाला लपून बसतो. बाप त्याला शोधून मारतो. प्रेक्षकांत माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “बापाची चूक नाही गं, पोराचीबी नाही.” एवढ्या वर्षांत या सिनेमावर मी पुष्कळ ऐकलंय, यापेक्षा नेमकं काही ऐकलं नाही.

आता माझं सांगते. नर्सिंगचा डिप्लोमा करत होते तेव्हा होस्टेलला पहिल्याच आठवड्यात मला आडनाव विचारलं गेलं, मग गाव, मग वडील काय करतात. त्यानंतर माझ्या ताटाजवळची जागा मोकळी राहायला लागली. कुणी शिवी दिली नाही. फक्त जागा मोकळी राहायची. मी आडनाव पुटपुटत सांगायला शिकले. पुढे टोपी घालायचा, दिवा लावायचा समारंभ होता, घरच्यांना बोलवायचं होतं. माझी आई तेव्हा डोंबिवलीत चार घरची भांडी घासायची. मी तिला तारीख चुकीची सांगितली. समारंभ झाल्यावर चार दिवसांनी ती नवी साडी नेसून तयार झाली, तेव्हा “अगं, पुढे ढकलला” म्हणाले. आईला कळलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. आता ती नाही. जब्या आडोशाला लपतो तो प्रसंग मी अजून धड बघू शकत नाही, चादरीच्या बाजूला जाऊन उगाच वायर नीट करते.

हे नुसतं मनाला लागणं नव्हे, याने माणसाची कुवतही आकसते. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक बाईंनी एक प्रयोग केला, त्याचा अहवाल २००४ मध्ये आला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलय्याची कोडी सोडवायला दिली, सुटलेल्या कोड्यामागे पैसे. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची मुलं आणि वरच्या जातींची मुलं जवळपास सारखीच ठरली. मग दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव आणि जात वाचून दाखवली. तीच कोडी, तेवढाच वेळ. खालच्या जातींच्या मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. डोकं तेच होतं, एका मिनिटात ते कमी झालं नव्हतं. वर्गात जात पुकारली की काय होतं ते एवढ्यात दिसलं.

बाबासाहेबांचं बालपण आपल्या घराघरांत सांगितलं जातं, पण मी ते नर्सच्या नजरेने पुन्हा वाचते. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला निघालेली ती लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरली, जात कळताच स्टेशनमास्तरांचा नूर पालटला, आणि रात्रभर जवळ जेवण असून पाण्यावाचून ते घशाखाली गेलं नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोराला यापेक्षा जास्त काय एकटं पाडणार? तरी तो मुलगा आतून मोडला नाही. त्याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक आपल्या हातातलं आहे. घरात पहाटे उठवून अभ्यास घेणारे सुभेदार रामजी होते. शाळेत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी देणारे एक मास्तर होते. पुढे मॅट्रिक झाल्यावर बुद्धचरित्र हातात ठेवणारे केळुसकर गुरुजी होते. पोराकडे माणूस म्हणून बघणारा एक मोठा माणूस आयुष्यात असला की बाहेरचा अपमान आत उतरताना वाटेत अडतो.

‘फँड्री’त असा माणूस म्हणजे सायकल दुकानवाला चंक्या. स्वतः मंजुळे यांनीच ते काम केलंय. तो जब्याला जवळ करतो, सायकल देतो. पण त्याचा स्वतःचाच भरवसा राखेवर, मंतरण्यावर. माया पुरेपूर, उपाय चुकीचा. आपल्या वस्त्यांतही असे चंक्या आहेत. अंगारा देणारे आहेत, आणि हल्ली अंगाऱ्याच्या जागी ट्यूब देणारे आहेत.

ट्यूबचं जरा सविस्तर सांगते, कारण हा माझ्या कामाचा भाग. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला तपासणी शिबिर होतं, तिथे एकोणीस वर्षांची मुलगी ओढणीत तोंड झाकून आली. गाल लालभडक, उन्हात आग होते, कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसत होत्या, हनुवटीवर लव वाढलेली, पुटकुळ्या. दोन वर्षं ती गोरं होण्यासाठी मेडिकलमधून एक मलम आणून लावत होती. पाहुणे बघायला आले होते आणि ‘मुलगी चांगली आहे, रंगाने जरा...’ म्हणून गेले, तेव्हापासून. पाहुणे आपलेच होते, जातीबाहेरचे नव्हते, हेही लिहूनच ठेवते.

अशा ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. नायटा, खाज, डाग, गोरेपणा, सगळ्यावर एकच ट्यूब असं काही नसतं. पहिले काही दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो, म्हणून माणूस फसतो. नंतर कातडी ट्यूबवाचून राहू शकत नाही. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी काउंटरवर मिळतात. आणि एक महत्त्वाचं: बरेच महिने लावत असाल तर हे वाचून आज रात्री झटक्यात बंद करू नका, चेहरा एकदम भडकतो. ट्यूब घेऊन त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू सोडवतात. तोवर ऊन टाळा, आणि दुसरी कुठली क्रीम वरून थापू नका. त्या मुलीचा चेहरा सावरायला बरेच महिने गेले.

जब्याचा आरसा आणि या मुलीची ट्यूब एकाच दुकानातून आलेत.

आता सिनेमाच्या रात्रीनंतरचं. तिसऱ्या दिवशी एक बाई तिच्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. रोज सकाळी पोट दुखतं, दुपारी थांबतं. वजन बरं, जुलाब नाहीत, जंताची गोळी झालेली. पोटावर हात ठेवला तर मऊ. आईला जरा बाहेर बसवलं आणि त्याला विचारलं, क्लासला कोण कोण येतं? बराच वेळ गेला. मग म्हणाला, “मला फँड्री म्हणतात.”

त्यांचं घर वस्तीच्या टोकाला, नाल्याकडे. ते लोक आपले नाहीत, म्हणजे बौद्ध नाहीत. त्याचा आजा पूर्वी डुकरं पाळायचा. नाव ठेवणारी पोरं मात्र आपली होती, विहारात पहिल्या रांगेत बसलेली, संपल्यावर टाळ्या वाजवणारी. सिनेमाच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ पडद्यावर, बघणाऱ्यांच्या अंगावर येतो. आमच्या पोरांना वाटलं, तो दुसऱ्या कुणाला लागला.

मला राग आला, मग लाज वाटली. सिनेमा दाखवला आणि वर काहीच बोललो नाही. दहा वाजले, स्पीकर बंद करायचा होता, चादर गुंडाळली आणि घरी गेलो. ती आमची चूक.

सकाळचं पोटदुखी-डोकेदुखी जे सुट्टीच्या दिवशी होत नाही, ते ढोंग समजू नका. मुलाला खरंच दुखत असतं. तसंच पोरगं अचानक सारखं तोंड धुतंय, फोटोत यायला नको म्हणतंय, मित्रांना घरी आणत नाही, पत्ता विचारला तर वस्तीचं नाव गाळून नुसतं ‘कल्याण’ किंवा ‘ठाणे’ सांगतंय, आईबापाला शाळेच्या मीटिंगला येऊ देत नाही, तर मारू नका, आणि ‘एवढं काय मनावर घ्यायचं’ असंही म्हणू नका. त्याने ते मनावर घेतलेलं नाही, दुसऱ्यांनी ते मनावर ठेवलंय. शेजारी बसा, जेवताना विचारा, उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी परत विचारा.

झोप उडाली, जेवण सुटलं, अभ्यास एकदम ढासळला, किंवा ‘मी नसलेलाच बरा’ असं पोर बोललं, तर वाट बघू नका. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोर मोकळं होतं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे हसतात. ‘ठाण्याला पाठवा याला’ हे तर शिवीसारखं झालंय. १९०१ सालचा तो दवाखाना आहे, बाह्यरुग्ण विभागात रोज कितीतरी माणसं औषध घेऊन आपापल्या घरी परत जातात. ताप आल्यावर दवाखान्यात जातो तसंच हे.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. त्याला औषध दिलं नाही. मी नाव ठेवणाऱ्या पोरांच्या आयांना गाठलं. दोघींनी ऐकून घेतलं, एक भांडली, “पोरंच आहेत, त्यात काय” म्हणाली. रविवारी वंदनेनंतर पोरांना बसवलं आणि सिनेमातला एकच तुकडा पुन्हा दाखवला. पकडलेलं डुक्कर काठीला बांधून जब्याचं घर शाळेच्या भिंतीवरून जातं, आणि भिंतीवर बाबासाहेब, जोतीराव-सावित्रीमाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. मी विचारलं, बाबासाहेब या चित्रात कुणाकडे बघतायत? कुणी बोललं नाही. मग सहावीतली एक मुलगी म्हणाली, “जब्याकडे.” एक पोरगा उठून बाहेर गेला. तो नाल्याकडे गेला की घरी, मला दिसलं नाही.

मुलगा क्लासला परत येतोय. मागे बसतो. पोट आठवड्यातून एखाददा दुखतं. परवा त्याची आई भेटली, म्हणाली, “ताई, तो आता विचारतो, विहारात आत बसलं तर चालतं का?” मी म्हटलं, चालतं का काय, चटई मीच टाकते.

पुढच्या महिन्यात परत सिनेमा आहे. या वेळी स्पीकर साडेनऊला बंद करून अर्धा तास बोलायचं ठरलंय. आया आल्या तर बरं, बाप आले तर त्याहून बरं.