शेंद्र्याच्या जमिनीखालचा लाव्हा

मराठवाड्यातल्या शेंद्र्याच्या शिवारात बोअरची गाडी लागली की शेतकऱ्याची नजर ढळत नाही ती भोकातून उडणाऱ्या भुकटीवरून. आधी पिवळसर मुरूम येतो, मग काळ्या पाषाणाची राखाडी धूळ. मधेच भुकटी तांबडी होते, काही फूट तशीच येते आणि पुन्हा काळी पडते. कधी तिच्यात पांढऱ्या गारगोटीचे चकाकते कण असतात. पाणी लागणार की पैसे धुळीत जाणार, हे बरंचसं या थरांवर ठरतं, आणि हे थर लाव्हानं रचले सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी.

मग तो ज्वालामुखी कुठे आहे? देवगिरीचा शंकूसारखा डोंगर पाहून तसा समज होणं साहजिक आहे, पण तो लाव्हाच्या आडव्या थरांची झीज होऊन उरलेला डोंगर आहे. लोणारचं सरोवरही ज्वालामुखीचं मुख नव्हे. ते उल्का आदळून झालं. दख्खनचा लाव्हा आला तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून. नंदुरबार-धुळे भागात अशा भेगांमध्ये थिजलेला खडक आजही भिंतींसारखा उभा दिसतो.

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे रस उकळत असतो, ही समजूतही सोडायला हवी. कवचाखालचं प्रावरण प्रचंड तापलेलं असलं तरी वरच्या दाबामुळे ते घनच राहतं. त्यातला तप्त भाग वर सरकला की दाब घटतो आणि खडक थोडाथोडा वितळतो. हाच शिलारस. आज हिंदी महासागरातलं रीयुनियन बेट ज्या तप्त झोतावर आहे, त्याच झोतावरून भारतीय भूखंड तेव्हा सरकत होता, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो वर चढतो. वर येताना त्यात विरघळलेली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू बुडबुडे होऊन सुटतात. सिलिका जास्त असलेला रस घट्ट असतो. त्यात वायू कोंडतात आणि शेवटी स्फोट होतो. १८८३ साली इंडोनेशियात क्राकाटोआ असाच फुटला. दख्खनचा रस पातळ होता, ११०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेला. तो दूरवर पसरत गेला.

असा उद्रेक माणसानं पाहिला तो आइसलंडमध्ये. १७८३ साली लाकी इथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. त्याहून घातक ठरले वायू. गुरं मेली, दुष्काळ पडला आणि देशातली जवळपास एक पंचमांश माणसं गेली. लाकीचा लाव्हा सुमारे १५ घन किलोमीटर होता. दख्खनचा दहा लाख घन किलोमीटरच्या आसपास धरला जातो!

तो अर्थात एका दमात आला नाही. एक थर पसरला की त्याच्या माथ्याशी बुडबुडे अडकत आणि खडक सच्छिद्र होई. पोटातला भाग सावकाश निवून घट्ट कातळ बने. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं वाढली. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात मांडलेले देखणे स्फटिक अशाच पोकळ्यांमधले. आज पाणी साठतं ते मुरमात, झिजलेल्या सच्छिद्र भागात आणि कातळाच्या भेगांत. अखंड कातळ कितीही खोल फोडला तरी तो कोरडाच. भेगा जागोजागी बदलतात, म्हणून एका बांधावर पाणी लागतं आणि शेजारच्या बांधावर नुसती धूळ उडते. खोली वाढवत नेणं हा त्यावर उपाय नाही. मराठवाड्यानं हे फार पैसा घालवून अनुभवलं आहे.

आणि तांबडा थर? दोन उद्रेकांमध्ये उसंत मिळाली तेव्हा लाव्हाचा माथा झिजून त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्हानं ती झाकली. शास्त्रज्ञांना हीच माती मोलाची वाटते. पश्चिम घाटातल्या अशा थरांत सापडलेल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली काढलेल्या कालगणनेनुसार, दख्खनचे मुख्य उद्रेक डायनासोर नष्ट होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधीच सुरू झाले होते. डायनासोरांच्या अंताला कारण मानली जाणारी अशनी मेक्सिकोत आदळली ती हे उद्रेक सुरू झाल्यानंतर. २०१९ साली दुसऱ्या एका गटानं आर्गॉन पद्धतीनं मोजणी केली, तेव्हा बराचसा लाव्हा त्या आघातानंतर आल्याचं दिसलं. डायनासोरांच्या अंतात दख्खनच्या वायूंचा वाटा किती, यावरचा वाद अजून चालू आहे.