सात घड्याळं, एक मनगट

गेल्या रविवारी माझी सगळी घड्याळं टेबलावर मांडली. सात निघाली! त्यातली तीन वर्षभरात एकदाही हातावर चढली नव्हती. दुकानात असा माल दिसला की मी त्याला सरळ डेड स्टॉक म्हणतो. घरी मात्र त्याचं नाव ‘कलेक्शन’.

पहिलं महागडं घड्याळ ओमेगा स्पीडमास्टर. १९६९ मध्ये चंद्रावर गेलेल्या घड्याळाचा हा वंशज, आजही चावीवर चालतो. ते मी आवडलं म्हणून घेतलं. पुढची तीन स्विस घड्याळं घेतली ती ‘भाव वाढेल’ म्हणून. २०२२च्या सुरुवातीपर्यंत सेकंडहॅण्ड बाजार चढत होता, मग उतरला. मी नेमका चढावर शिरलो. (BBA कामाला आलं नाही!) शिवाय यांत्रिक घड्याळ नुसतं पडून राहिलं तरी आतलं तेल सुकतं. म्हणजे न वापरताही सर्व्हिसिंगचा खर्च आहेच.

खरं टोचलं ते वेगळंच. त्याच वर्षी दिवाळीचा माल भरायला मी व्याजाने पैसे उचलले होते, आणि माझे स्वतःचे पैसे कपाटात टिकटिक करत होते. तीही नाही, बंदच पडली होती.

तर ती तिन्ही विकतोय, तोट्यात. आलेला पैसा थेट दुकानात. यापुढे रोज वापरेन तेवढंच घेणार. बाबांची एचएमटी जनता राहणार, तिला बाजारात फार भाव नसला तरी. स्पीडमास्टरचं काय? दोन ग्राहकांना फोटो पाठवलाय. किंमत अजून सांगितली नाही.