हातीं आलेल्या एक्क्यांची किंमत

उत्तम पानें हातीं आलीं कीं ओठ मिटून बसावें, असें आम्हां जुन्या पत्तेबाजांस वाटतें. गेल्या सुटींत नातवाबरोबर मोबाइलवर पोकर खेळतांना मीं तेंच केलें. खेळ फुकटच्या चकत्यांचा होता, पैशांचा नव्हे. मी हरल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, तें शेवटचें पान तुम्हींच मला फुकट दिलेंत!" गणित शिकविण्यांत हयात घालविलेल्या माणसास हें बोलणें झोंबलें. मग कागद घेऊन बसलों. तोच हिशेब आज आपणांपुढें मांडतों.

टेक्सस होल्डेम या प्रकारांत प्रत्येकास दोन पानें गुप्त मिळतात व पांच पानें सर्वांसाठीं उघडीं मांडतात. या सातांतून ज्याचीं पांच पानें श्रेष्ठ, त्याचा डाव. पहिल्या दोन पानांतच एक्क्यांची जोडी येण्याचा योग सरासरीनें २२१ डावांत एकदां. एवढा दुर्मिळ योग वायां घालविला, तर त्याची भरपाई लवकर होत नाहीं.

माझ्याकडे इस्पिक व किलवर एक्का होता. मांडलेलीं चार पानें: बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर नव्वी, इस्पिक तिर्री. मध्यें चकत्या १००. नातवाकडे बदामचीं दोन पानें होतीं. आणखी एक बदाम आलें कीं एका जातीचीं पांच पानें जमून माझी जोडी पडणार. त्यानें न पाहिलेलीं पानें ४६, त्यांत बदामचीं ९. म्हणजे पांचांत सुमारें एकदां त्याची सरशी.

मी गप्प बसलों, म्हणून ही संधि त्यास विनामूल्य मिळाली. मीं ५० लावले असते, तर १५० मिळविण्यासाठीं त्याला ५० द्यावे लागले असते. पांच वेळांचा जमाखर्च पाहा: चार वेळां २०० जातात, एकदां १५० येतात, तोटा ५०. मीं १०० लावले असते व तो राहिला असता, तर चार वेळां ४०० जाऊन एकदां २०० येतात, तोटा २००. मात्र ५०० लावले असते, तर त्यानें पानें टाकलीं असतीं व मध्यल्या १०० वर मला समाधान मानावें लागलें असतें. सारांश, प्रतिपक्षी जी जास्तींत जास्त किंमत देईल, ती मागावी. सहसा पानें न टाकणाऱ्याकडे अधिक मागावी, सावधाकडे बेतानें.

पडद्यावर चेहरा दिसत नाहीं. बोलीचा आंकडा व घेतलेला वेळ, एवढ्याच खुणा. म्हणून उत्तम पानांवर मोठी आणि हलक्या पानांवर लहान बोली, अशी संवय लावूं नये. चतुर खेळाडू ती चटकन ओळखतो.

शेवटचें पान बदाम आलें व समोरून मोठी बोली आली, तर एक्क्यांचाही मोह सोडावा. योग्य किंमत मागणें निराळें आणि हट्ट निराळा.

आणखी एक गोष्ट. २०२५ सालीं आपल्या संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा संमत केला. तेव्हां हा हिशेब घरीं चिंचोक्यांवर करून पाहावा. मीं केला, आणि पुढच्या सुटींत नातवाला एकही पान फुकट द्यावयाचें नाहीं, असें ठरविलें आहे.