आगीचा बंब : समज आणि वस्तुस्थिती

बंब घंटा घणघणत रस्त्याने धावू लागला की त्याला वाट करून देणारा मुंबईकर क्षणभर थबकून त्याच्याकडे कौतुकाने पाहतो खरा. परंतु त्या बंबावर कोणता सरंजाम असतो आणि तो वापरण्याची विद्या जवान कोठे व कशी संपादन करतो, याविषयीचे त्याचे ज्ञान बहुधा चित्रपटांतून आणि ऐकीव वार्तांतून आलेले असते. गेल्या काही वर्षांत मुंबई अग्निशमन दलात उत्तुंग शिड्या, यंत्रमानव, उष्णतादर्शक कॅमेरे अशा साधनांची भर पडली, तेव्हा हे अज्ञान ओसरण्याऐवजी त्याला नवे धुमारे फुटले. यंत्र आले, आता माणसाची जोखीम सरली, असा सोईस्कर ग्रह पुष्कळांनी करून घेतला आहे. वस्तुतः प्रत्येक नवे यंत्र जवानाच्या शिक्षणाचा बोजा वाढवीत असते.

सर्वांत दृढमूल समज शिडीविषयीचा. दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी फिनलंडच्या बनावटीची शिडी आहे, आणि ९० मीटर म्हणजे ढोबळ मानाने तीस मजले, हे दोन्ही खरे. परंतु एवढ्यावरून तिसाव्या मजल्यावरच्या गृहस्थाने निश्चिंत होऊन झोपावे, असा अर्थ निघत नाही. हे अजस्र वाहन उभे करावयाचे तर भार पेलणारी पक्की जमीन हवी, त्याचे लोखंडी पाय दोन्ही अंगांना पसरण्याइतकी मोकळीक हवी. आणि भिंतीपासून जितके दूर उभे राहावे लागेल, तितकी शिडीची उपयुक्त उंची घटत जाते. आपल्या सोसायट्यांच्या अंगणांत पाहावे, तो मोटारींच्या दुहेरी रांगा, प्रवेशद्वारावर शोभेची कमान, आणि अंगणाच्या पोटात पाण्याची टाकी, जिच्या छताला हा भार सोसेल की नाही याची कोणालाच खात्री नाही! शिवाय या शिडीच्या तिप्पट उंचीच्या इमारती आता मुंबईत उभ्या आहेत. म्हणूनच उंच इमारतींत आश्रयमजला, आगीला अटकाव करणारी दारे असलेला जिना आणि इमारतीची स्वतःची जलवाहिनी यांची तजवीज करावी लागते. शिडी ही त्या व्यवस्थेची पुरवणी होय.

जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या टेलिफोन इमारतीला आग लागली, तेव्हा गच्चीवर अडकलेल्या ८४ जणांना शिड्यांच्या साहाय्याने खाली आणण्यात आले, आणि त्या दृश्याने शिडीची कीर्ती घरोघर पोहोचविली. पण ती इमारत नऊ मजल्यांची होती, हे कोणी ध्यानात ठेवीत नाही. त्याच सुमारास दलात दाखल झालेला यंत्रमानवही तेथे नेण्यात आला होता. हा यंत्रमानव म्हणजे दुरून चालविता येणारा पाण्याचा फवारा. जेथील धग माणसाला सोसणार नाही, अशा तळघरात वा रसायनांच्या गोदामात त्याचे मोल मोठे. परंतु भयाने पलंगाखाली शिरलेल्या पोराला बाहेर काढावयास माणूसच लागतो.

त्या माणसाच्या पाठीवर जो सिलिंडर दिसतो, त्यात प्राणवायू असतो, असे सुशिक्षित मंडळीही छातीठोकपणे सांगतात. आगीच्या कामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सिलिंडरात असते ती दाबलेली साधी, शुद्ध हवा. भडकलेल्या आगीत निव्वळ प्राणवायूची गळती म्हणजे आगीलाच खाद्य. ६.८ लिटरच्या सिलिंडरात ३०० बार दाबाने सुमारे २,००० लिटर हवा मावते. शांतपणे श्वास घेणाऱ्याला ती पाऊण तास पुरावी, पण होज ओढीत जिने चढणारा जवान ती अर्ध्या तासातही संपवितो. आणि दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की खांद्याजवळची शिटी अखंड वाजू लागते, ती परत फिरण्याची आज्ञाच. आत शिरण्यापूर्वी तो आपल्या श्वसनसंचाची टॅली, म्हणजे नोंदीची पट्टी, बाहेरच्या सहकाऱ्याच्या हाती देतो. तीवर नाव, दाब आणि वेळ यांची नोंद होते, आणि त्यावरून कोणाला केव्हा परत बोलवावयाचे याचा हिशेब बाहेर चालू राहतो. धुराने कोंदलेल्या अंधाऱ्या खोलीत रांगत, एक हात भिंतीवरून न उचलता, होजच्या आधाराने माघारीची वाट शोधण्याचा सराव त्याला वारंवार करावा लागतो. हे सारे अंगवळणी पडावयास केवळ धाडस आणि पिळदार शरीर पुरेसे नाही. यासाठीच १९५६ साली राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय स्थापन झाले, जे लवकरच नागपूरला आले आणि आजही तेथे आहे.

उष्णतादर्शक कॅमेरा भिंतीपलीकडचे दाखवितो, हाही असाच एक भ्रम. तो धुरातून पाहू शकतो. भिंतीतून नाही, आणि साध्या काचेतूनही नाही. स्प्रिंकलरविषयी चित्रपटांनी केलेला घोटाळा याहून मोठा : एक ठिणगी पडताच सर्व मजल्यांवर पाऊस सुरू होत नाही. सामान्यतः ज्या तोटीची तांबडी काचनळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते तेवढीच उघडते, आणि पुष्कळदा तेवढीच पुरते.

ज्वाळेपेक्षा धूर घातक, हे तर कितीदा सांगावे? डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल आवारातील आगीत १४ जण दगावले, ते प्रामुख्याने गुदमरून. आणि अधिकारी दूर उभे राहून हुकूम सोडतात, असे म्हणणाऱ्यांनी मे २०१५ ची काळबादेवीची आग आठवावी : जळती जुनी इमारत कोसळली, आणि त्या दुर्घटनेने दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. प्रमुख अग्निशमन अधिकारी त्यांत होते.

राहता राहिला शेवटचा गैरसमज, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारा : दलाने एकदा ना-हरकत दाखला दिला की पुढची जबाबदारी दलाची. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याचे दायित्व मालकावर वा भोगवटादारावर टाकले आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून दरवर्षी जानेवारीत व जुलैत तसे प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक केले आहे. ते आपल्या सोसायटीच्या दप्तरी आहे काय, हे वाचकांनी आजच सेक्रेटरीसाहेबांना विचारावे.