शेपूट झिजलंय? आधी पाणी बघा!

सबमिशनची रात्र. जर्नल पूर्ण करता करता टेबलावरच्या बाऊलकडे लक्ष जातं आणि तुम्ही चपापता. वाढदिवसाला ग्रुपने दिलेला निळा फायटर तळाशी गुपचूप बसलाय. परवापर्यंत ओढणीसारखं पसरणारं त्याचं शेपूट कडेने कुरतडल्यासारखं दिसतंय, कडा पांढुरकी झालीय. दाणे टाकले तरी साहेब वर येत नाहीत.

आता तुम्ही काय कराल? फोटो काढून ग्रुपवर टाकाल, कुणीतरी औषधाचं नाव सांगेल आणि सकाळी दुकानातून बाटली आणून चार थेंब ओताल. दोस्तांनो, जरा थांबा. तुम्ही एकलहऱ्यात राहत असाल तर याचं उत्तर तुमच्या खिडकीतूनच दिसतं.

समोर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आहेत. 210 मेगावॅटचे तीन संच. तिथे नदीचं पाणी बॉयलरमध्ये जसंच्या तसं जात नाही. आधी गाळ काढायचा, मग क्षार काढायचे, मग प्रयोगशाळेत तपासायचं. पाणी बिघडलं की बॉयलरच्या नळ्या आतून खराब होतात. कॉलनीतल्या एखाद्या केमिस्ट काकांना विचारा. नळी फुटल्यावर जोडत बसण्यापेक्षा पाणी सांभाळणं स्वस्त पडतं, असंच ते सांगतील. माशाचंही अगदी तसंच आहे.

हा आजार येतो कुठून?

याला म्हणतात फिन रॉट, म्हणजे पर सडणं. एरोमोनास, सुडोमोनास यांसारखे जिवाणू तो घडवतात. गंमत अशी की हे जिवाणू बहुतेक टाक्यांत आधीपासूनच असतात. धडधाकट माशाला ते काही करत नाहीत. माशाची प्रतिकारशक्ती ढासळली की ते हल्ला करतात.

ती ढासळते बहुतेक वेळा अमोनियामुळे. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टर असलेल्या जुन्या टाकीत चांगले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. तीन लिटरच्या बाऊलमध्ये फिल्टरच नसतो. फायटर पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून तो बाटलीतही जगतो असं आपण धरून चालतो. पण हवा मिळाली तरी अमोनिया त्याचे कल्ले भाजतोच.

त्यात आपल्या नाशिकची थंडी. फायटर मूळचा थायलंडसारख्या उबदार देशांतला, त्याला 25 ते 27 अंश पाणी लागतं. डिसेंबर-जानेवारीत आपणच गोधडीतून बाहेर येत नाही, मग त्याचं काय होत असेल?

एक खात्री मात्र करून घ्या. कापसासारखे पुंजके दिसत असतील तर ती बुरशी असू शकते. अंगावर मिठासारखे कण असतील तर तो व्हाइट स्पॉट. एकच सरळ चीर असेल तर प्लास्टिकच्या झाडात शेपूट अडकलं असेल.

पहिला आठवडा असा काढा

बाऊलला आता निवृत्त करा. निदान 20 लिटरची टाकी, छोटा स्पंज फिल्टर, हीटर आणि थर्मामीटर घ्या. मित्राकडे निरोगी माशांची जुनी टाकी असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा; चांगले जिवाणू त्यासोबत फुकट येतात.

अमोनिया आणि नायट्राइट तपासायची थेंबांची किट मिळते. दोन्हींचं उत्तर शून्य यायला हवं. तोवर रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटीक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय ते टाकीत ओतू नका. तापमानही टाकीइतकंच ठेवा. सगळं पाणी एकदम बदलणं म्हणजे आजाऱ्याला दुसरा धक्का. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

सुरुवातीच्या आजारात मिठाचाही उपयोग होतो. आयोडीन नसलेलं साधं मीठ, लिटरला एक ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घाला. मीठ वाफेसोबत उडून जात नाही, म्हणून पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं नवं मीठ. आठ-दहा दिवसांनी बंद. टाकीत खरी झाडं असतील तर मिठाचा प्रयोग वेगळ्या भांड्यात करा.

दाणे दोन-तीनच टाका. उरलेले लगेच काढा. लाईट गेली तर फिल्टरही बंद पडतो, तेव्हा खाणं टाकूच नका.

बाटली कधी?

एवढं करूनही झीज वाढत असेल, परांत लाल रेषा दिसत असतील किंवा सडणं अंगाकडे सरकत असेल तर औषध लागेल. पण ते पशुवैद्यकाला विचारून, आणि वेगळ्या टाकीत. अंदाजाने टाकलेलं अँटिबायोटिक फिल्टरमधले चांगले जिवाणूही मारू शकतं. आणि दोन दिवसांत अर्धवट सोडलं तर औषधाला न जुमानणारे जिवाणू उरतात. ते पाणी शेवटी मोरीतून कुठे जातं, याचाही विचार करा.

आणि "आता नाही जमत" म्हणून माशाला गोदावरीत सोडणं ही दया नाही. आजारी मासा तिथे जगत नाही, आणि जगलाच तर आजार पसरवू शकतो. शोभेच्या टाकीतून सुटलेला सकरमासा आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत ठाण मांडून बसलाय.

मग शेपूट परत येतं का?

येतं! परांना पुन्हा उगवण्याची जबरदस्त ताकद असते. आपल्याकडच्या ओढ्यांत सापडणारा झेब्राफिश कापलेलं शेपूट साधारण दोन आठवड्यांत परत वाढवतो. म्हणून तर जगभरच्या प्रयोगशाळा त्याचा अभ्यास करतात. फायटरला जास्त वेळ लागू शकतो, पण पाणी सुधारलं की काही आठवड्यांत फरक दिसतो. मुळापर्यंत झिजलेला पर मात्र परत येईलच असं नाही. म्हणून उशीर नको.

तेव्हा आज रात्री जर्नल थोडं बाजूला ठेवा आणि एक बादली पाणी तयार करा. पंधरा-वीस दिवसांनी टॉर्च लावून बघा. झिजलेल्या कडेला काचेसारखी पारदर्शक, पातळ किनार दिसली तर समजा, तुमचं पाणी पास झालं. निळा रंग मागाहून येतोच.