विश्लेषण : विमानात फोन बंद करायला नकार दिल्यास काय होते? 'फ्लाइट मोड'पासून 'नो फ्लाय' यादीपर्यंतचे नियम

विमानाचे दरवाजे बंद झाले, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकण्याची सूचना झाली, तरी कुणाचा तरी कॉल सुरूच असतो. केबिन क्रू पुन्हा सांगायला येतात, आवाज चढतो, शेजारचा प्रवासी व्हिडीओ काढू लागतो. बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटते. मिटले नाही, तर प्रवाशाला विमानातून उतरवले जाऊ शकते आणि पुढचे काही महिने तिकीटही नाकारले जाऊ शकते. फोनबाबतचे नियम नेमके काय आहेत, त्यामागचे कारण काय आणि 'बेशिस्त प्रवासी' कुणाला म्हणतात, ते पाहू.

फ्लाइट मोड न लावल्यास विमान कोसळते का?

नाही. आधुनिक विमानांची यंत्रणा अशा लहरी सहन करता येतील अशी बनवलेली आणि तपासलेली असते. मग आग्रह कशासाठी? फोन टॉवरपासून जितका दूर, तितक्या जास्त शक्तीने तो सिग्नल पाठवतो. विमान उंचावर गेले की फोन पूर्ण ताकदीने टॉवर शोधत राहतो. जुन्या २जी फोनची कमाल शक्ती सुमारे २ वॉट, तर ४जी फोनची सुमारे ०.२ वॉट असते. जुन्या स्पीकरजवळ फोन ठेवला की कॉल येण्याआधी 'टर्र टर्र' आवाज यायचा, हे अनेकांना आठवत असेल. तसाच आवाज वैमानिकाच्या हेडसेटमध्ये येऊ शकतो. उतरण्याच्या वेळी नियंत्रण कक्षाचा एखादा आकडा त्यात बुडाला तर ते कुणालाच परवडणारे नाही.

दुसरे कारण जमिनीवरचे आहे. उंचावरच्या फोनला एकाच वेळी अनेक टॉवर दिसतात आणि विमानाच्या वेगामुळे ते सतत बदलत राहतात. त्याचा ताण मोबाइल नेटवर्कवर पडतो. अमेरिकेत १९९१ मध्ये हवेतून मोबाइल वापरण्यावर बंदी आली, ती मुख्यतः याच कारणाने.

५जीचा वाद काय होता?

विमान जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे रेडिओ अल्टिमीटर सांगतो. उतरताना शेवटच्या टप्प्यात त्याच्यावर बरीच भिस्त असते. हे उपकरण ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते. अमेरिकेत ५जीला दिलेला पट्टा ३.९८ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे अगदी शेजारी. त्यामुळे जानेवारी २०२२ मध्ये तिथे काही विमान कंपन्यांनी उड्डाणे रद्द केली होती.

भारतात ५जीचा हा पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ आहे, त्यामुळे मधले अंतर जास्त आहे. तरीही दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या पट्ट्यातील टॉवर धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत उभारू नयेत, असे कंपन्यांना कळवले. म्हणजे खबरदारी टॉवरच्या बाबतीतही घेतली जाते, फक्त प्रवाशाच्या खिशातल्या फोनच्या बाबतीत नव्हे.

मग वाय-फाय कसे चालते?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०१४ मध्ये फ्लाइट मोडवरील फोन आणि टॅब संपूर्ण प्रवासात वापरण्याची मुभा दिली. २०१८ च्या नियमांनी विमानातील इंटरनेटचा मार्ग मोकळा केला आणि २०२० मध्ये वैमानिकाच्या परवानगीने वाय-फाय वापरता येईल, अशी दुरुस्ती झाली. यासाठी किमान ३,००० मीटर उंचीची अट आहे. नोव्हेंबर २०२४ च्या बदलानुसार, ती उंची गाठल्यावरही इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरण्याची परवानगी मिळाल्यानंतरच वाय-फाय सुरू करता येते. एअर इंडियाने १ जानेवारी २०२५ पासून काही देशांतर्गत विमानांत ही सेवा सुरू केली.

वाय-फायचा राउटर केबिनमध्येच असल्याने फोनला फार शक्ती लावावी लागत नाही. बाहेरचा संपर्क विमानावरील अँटेना सांभाळतो. म्हणून फ्लाइट मोड सुरू ठेवून वाय-फाय लावता येते.

विमानात व्हिडीओ काढता येतो का?

आपल्या जागेवरून, आपल्यापुरता काढता येतो. सप्टेंबर २०२० मध्ये चंदीगड-मुंबई विमानात अभिनेत्री कंगना रनौट असताना माध्यम प्रतिनिधींची झुंबड उडाली. त्यानंतर डीजीसीएने इशारा दिला की, नियम मोडून चित्रीकरण झाले तर त्या मार्गावरील संबंधित विमानसेवा दोन आठवडे स्थगित होईल. लगेच खुलासाही आला : प्रवाशांनी फोटो-व्हिडीओ काढण्यास हरकत नाही, सुरक्षेला बाधा येईल, गोंधळ होईल किंवा क्रूने मनाई केली असेल असे चित्रीकरण चालणार नाही.

महाराष्ट्र-गोव्यातील प्रवाशांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तर गोव्याचे दाबोळी नौदलाचा. अशा विमानतळांवर चित्रीकरणास मनाई असते. खिडकीतून लढाऊ विमान दिसले म्हणून रील काढणे महागात पडू शकते.

'बेशिस्त प्रवासी' कोण ठरतो?

सध्याच्या नियमावलीचा धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी पुण्याहून दिल्लीला पोहोचल्यावर एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारहाण केली. बिझनेस क्लासचे तिकीट असून त्या विमानात तो वर्गच नव्हता, यावरून वाद झाला होता. विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली आणि त्यांनी मंत्र्यांना पत्र लिहून खेद व्यक्त केल्यावर ती उठली. त्या वेळी अशा बंदीसाठी स्पष्ट नियम नव्हते. ते सप्टेंबर २०१७ मध्ये आले.

या नियमांत गैरवर्तनाचे तीन स्तर आहेत :

● पहिला स्तर : शिवीगाळ, धमकीचे हावभाव, मद्यधुंद गोंधळ. ३ महिन्यांपर्यंत बंदी.

● दुसरा स्तर : ढकलणे, मारणे, पकडणे, अनुचित स्पर्श, लैंगिक छळ. ६ महिन्यांपर्यंत बंदी.

● तिसरा स्तर : जिवाला धोका, विमानाच्या यंत्रणेची नासधूस, कॉकपिटमध्ये घुसण्याचा प्रयत्न. किमान २ वर्षे, कमाल मर्यादा नाही.

पुन्हा गुन्हा केल्यास आधीच्या दुप्पट मुदतीची बंदी लागते. फोन सुरू ठेवल्याने कुणी थेट यादीत जात नाही. पण वैमानिकाच्या वतीने दिलेली सूचना वारंवार धुडकावणे आणि त्यावरून क्रूच्या अंगावर जाणे, ही बेशिस्त ठरते.

निर्णय कोण घेते?

वैमानिक तक्रार करतो. विमान कंपनीची अंतर्गत समिती ३० दिवसांत लेखी निर्णय देते. तिचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. दुसऱ्या विमान कंपनीचा एक आणि प्रवासी किंवा ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधी तिच्यात असतो. निर्णय होईपर्यंत कंपनी जास्तीत जास्त ३० दिवस बंदी घालू शकते. समितीने मुदतीत निर्णय दिला नाही, तर प्रवासी उड्डाणास मोकळा होतो. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत केंद्राच्या अपील समितीकडे दाद मागता येते. एका कंपनीची बंदी दुसऱ्या कंपनीवर बंधनकारक नाही. मात्र दुसरी कंपनी ती स्वीकारू शकते.

केंद्र सरकारच्या माहितीनुसार 'नो फ्लाय' यादीत २०२२ मध्ये ६३, २०२३ मध्ये ११० आणि २०२४ मध्ये ८२ प्रवाशांची नावे गेली.

नियम आहेत, अंमलबजावणीचे काय?

खरा प्रश्न इथे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात एका प्रवाशाने सहप्रवासी वृद्धेच्या अंगावर लघुशंका केल्याची तक्रार झाली. कारवाईला आठवडे लागले. प्रवाशावर आधी ३० दिवसांची आणि नंतर ४ महिन्यांची बंदी आली. डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला आणि वैमानिकाचा परवाना ३ महिन्यांसाठी निलंबित केला. म्हणजे क्रूने प्रकरण हलक्यात घेतले तर तेही अडचणीत येतात.

उलट बाजूही आहे. जानेवारी २०२० मध्ये विनोदवीर कुणाल कामरा यांनी मुंबई-लखनऊ विमानात एका वृत्तनिवेदकाला प्रश्न विचारत फोनवर व्हिडीओ काढला. इंडिगोने ६ महिन्यांची बंदी जाहीर केली आणि ज्यांच्या विमानात हे घडलेच नव्हते, अशा कंपन्यांनीही दारे बंद केली. नंतर अंतर्गत समितीने इंडिगोची मुदत ३ महिन्यांवर आणली. चौकशीआधीच शिक्षा होऊ नये, यासाठीच समितीची तरतूद आहे, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

कधी नुसता संशय पुरतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मंगळुरू-मुंबई विमानातील एका प्रवाशाच्या फोनवरील चॅट शेजारणीने वाचले. मैत्रिणीशी सुरक्षेबद्दल चेष्टा चालली होती. सर्व प्रवाशांना उतरवून सामान तपासले गेले आणि विमान सुमारे ६ तास रखडले.

प्रवाशांनी काय लक्षात ठेवावे?

● क्रूची सूचना आधी पाळा, वाद नंतर घाला. तक्रार 'एअरसेवा' पोर्टल किंवा ॲपवर करता येते.

● फोन सीटच्या फटीत पडल्यास सीट मागे-पुढे करू नका, क्रूला बोलवा. चिरडलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

● पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा. परवानगीशिवाय मर्यादा १०० वॉट-तास. हिशेब सोपा आहे : एमएएच गुणिले ३.७, भागिले १,०००. म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तास, चालते. ३०,००० एमएएचची १११ वॉट-तास, कंपनीची मंजुरी लागते.

● टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी फोन घट्ट धरा किंवा खिशात ठेवा. विमानाला जोरात झटका बसला तर सुटलेला फोन कुणाच्याही डोक्याला लागू शकतो.

● बंदीचे पत्र आले तर तारीख लिहून ठेवा. ३० आणि ६० दिवसांच्या मुदती तुमच्या बाजूने आहेत, पण त्या माहीत असल्या तरच उपयोगी पडतात.